काळ्या खडकामागचा झरा

२ एप्रिल, मंगळवार

ताई,

सहा वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे कारणही तेवढंच गंभीर हवं. आहे. माझी पाण्याची बाटली चोरीला गेली आहे.

हसू नकोस. स्टीलची, एक लिटरची, झाकण एकदा फिरवलं की उलटी टांगली तरी थेंब न सांडणारी ती बाटली मी तीन दुकानं पालथी घालून आणि दोन दुकानदारांशी कायमचं वैर घेऊन मिळवली होती. आज बाहेर निघताना फडताळ उघडलं, तर तिच्या जागी तिची सावत्र बहीण उभी. प्लास्टिकची, झाकणाचा आटा गेलेली, जरा आडवी केली की गळा काढणारी. मागच्या वर्षी हिने पिशवीतल्या पिशवीत माझं अख्खं हस्तलिखित भिजवलं होतं. एवढं तर कुठल्या समीक्षकालाही जमलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाची वस्तू न विचारता उचलली नाही (तू आत्ता खाकरलीस, ऐकू आलं), त्याच्या वाट्याला हे यावं?

चोर घरातलाच आहे. भिंगरी. शनिवारी कण्याच्या वाटेवर गेली. हो, डोंगराच्या धारेवरची आपलीच कण्याची वाट. नऊ दिवस, नऊ टप्पे, एकटी. नवव्या दिवशी ती तुझ्या दारात उतरणार आहे. आत्याला चकित करायचं होतं तिला, आणि मी इथे बेत फोडून बसलोय, तेव्हा दार उघडशील तेव्हा चकित हो म्हणजे झालं. तुझ्या भावजयीला मी म्हटलं, एकटीला कशाला जाऊ दिलंस? तर म्हणाली, "तिला चालता येतं. तुला नुसतं लिहिता येतं." आमचं बरं चाललंय, हे यावरून तुझ्या लक्षात येईल.

फोनही करून पाहिला. तुझा जुना नंबर आता एका सिमेंटवाल्याकडे आहे. सभ्य माणूस आहे, गोणीचा भाव सांगितला. तसंही तू बजावलं होतंस, "फोनवर तू विनोद करतोस, मी हसते आणि मुद्दा राहून जातो. बोलायचं असेल तर लिही." म्हणून लिहितोय. कुरिअरने पाठवतोय, उद्या मिळेल. पोस्टावर माझा विश्वास नाही म्हणून, बाकी काही नाही.

आता आठवलं म्हणून एक विचारतो. सातव्या टप्प्यावर या दिवसांत कुठे पाणी असतं का? तसं खास कारण नाही. पुस्तकाची पाचवी आवृत्ती काढायचं चाललंय, म्हणून.

तुझा,
लेखकराव


३ एप्रिल, बुधवार, बसमध्ये

ताई,

अक्षर हलतंय ते बसमुळे. निम्मं तरी बसमुळे.

पाचवी आवृत्ती वगैरे काही नाही. काल तुला ती थाप मारली. कालचं पत्र मी खरंच बाटलीवरून सुरू केलं होतं, आणि बाटलीवरच संपवणार होतो. पण दुसरी बाटली इथेच आहे असं लिहिलं, आणि हात थांबला. घरात बाटल्या दोनच. म्हणजे तिच्याकडे एकच आहे. ती एकच का घेऊन गेली, हे मला ठाऊक आहे, कारण ते मीच तिला सांगितलंय. पान एकशे बारा.

तुला माहीत असलेलंच परत लिहितोय, कारण मला ते एकदा क्रमाने लिहून बघायचंय. 'चौकस भटक्यांसाठी बावन्न वाटा' हे पुस्तक आपण दोघांनी केलं. तू मोजणी खात्यातली नोकरी सांभाळून, रजा टाकून टाकून, मोजचाक ढकलत बावन्न वाटा चाललीस आणि नकाशे काढलेस. मी घरी खुर्चीत बसून वाक्यं केली. मग त्या नक्कलबाज प्रकाशकाने, आपल्या कार्बनशेठने, आपली दुसरी आवृत्ती जशीच्या तशी उचलून स्वतःच्या नावाने छापली. स्वल्पविरामासकट. मी चिडलो आणि तिसऱ्या आवृत्तीत सापळा लावला. सातव्या टप्प्यावर, जिथे तुझ्या नकाशात नुसता कोरडा कणा होता, तिथे मी एक झरा काढला. शब्दांचा. कार्बनशेठने तोही उचलला, वर 'पोटाच्या विकारांवर गुणकारी' अशी भर घातली. कोर्टात न्यायाधीशांनी त्याला विचारलं, हा झरा आपण कधी पाहिलात? तेव्हाचं त्याचं तोंड आठवून मी अजून अधूनमधून हसतो. हसत असे.

आपण खटला जिंकलो त्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, "झालं ना? आता तो झरा पुस्तकातून काढ. तहानेवर विनोद करू नये." मी म्हटलं, चौथ्या आवृत्तीत काढतो. चौथी आली. झरा होता. छापखान्याने एका पानासाठी सगळी जुळणी मोडावी लागेल म्हटलं, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तो परिच्छेद मला आवडायचा. तू एका प्रतीतलं पान एकशे बारा लाल पेन्सिलीने खोडून ती प्रत मला पाठवलीस, आणि त्यानंतर सहा वर्षांत काही पाठवलं नाहीस.

ती प्रत मी काल रात्री कपाटात शोधली. देवाची शपथ, ती तिथे नसावी म्हणून शोधली. ती तिथेच आहे. भिंगरी नवी, न खोडलेली घेऊन गेलीय.

परिच्छेद असा आहे: "सातव्या टप्प्याच्या मध्यावर, उजव्या हाताच्या काळ्या खडकामागे बारमाही झरा आहे. पाणी गोड. इथवर एक बाटली पुरते, उगाच ओझं वाहू नये."

शेवटचं वाक्य तर कार्बनशेठसाठीही नव्हतं, ताई. ते लयीसाठी होतं. 'पाणी गोड' एवढ्या आखूड वाक्यानंतर एक लांब हवं होतं.

कण्यावर फोन लागत नाही. तिचा हिशोब असा की शनिवारी पहिला टप्पा, म्हणजे शुक्रवारी सातवा. आज बुधवार. ही बस वनचौकीच्या फाट्यावरून जाते. तिथून एक आडवाट चढून सहाव्या टप्प्याच्या शेवटाला, खिंडीत निघते. मी फाट्यावर उतरतो. हे पत्र कंडक्टर पुढे तुझ्या गावी आणेल. तो म्हणाला, "मोजणीवाल्या बाई ना? देतो की. उत्तरही देतात त्या, पण चार शब्दांत." मला चार शब्द पुरेत. त्या खडकाच्या आसपास कुठे, कसंही, थोडंसं पाणी आहे का? तू सगळा कणा चाकाने मोजलायस. तुला नाही तर कुणाला माहीत असणार?

माझ्या मांडीवर ती गळकी बाटली आहे. का आणली कोण जाणे. पँट भिजलीय, आणि शेजारची बाई मला मघापासून संशयाने बघतेय.

तुझा,
मी


४ एप्रिल, गुरुवार, वनचौकी, दुपारी दीड

ताई,

अर्धा तास आहे. वनरक्षक बाई दोर, कंदील आणि पाणी बांधताहेत. मला म्हणाल्या, तुमची मदत नको, मध्ये येऊ नका. म्हणून लिहितोय.

तुझी चिठ्ठी अकराच्या गाडीने आली. मी ती आठ वेळा वाचली आणि आता मला पाठ आहे. "झरा नाही. खडकामागे निळा ड्रम आहे. पाच वर्षं दर थंडीअखेर मी भरत आले. या वर्षी गेले नाही, गुडघा. तळाला किती उरलंय माहीत नाही. विनोद करू नकोस. चढ."

विनोद करत नाही. पण तुला काय काय सांगायचंय ते क्रमाने सांगतो, नाहीतर माझ्याच्याने चढवणार नाही.

काल संध्याकाळी मी इथे पोचलो. चौकी म्हणजे एक खोली, एक वायरलेस, एक किटली आणि पन्नाशीच्या वनरक्षक बाई. त्या इथे चार महिन्यांपूर्वी बदलून आल्यात. भिंतीवर तुझा नकाशा आहे. कोपऱ्यात तुझी बारीक सही. टेबलावर माझं पुस्तक. मी त्यांना म्हटलं, मुलगी कण्यावर आहे, तिला एक बाटली जास्तीची द्यायचीय. बस, एवढंच म्हटलं.

त्या म्हणाल्या, "एका बाटलीसाठी एवढा चढ? अहो, सातव्यावर झरा आहे."

मी म्हटलं, "नकाशात दिसत नाही."

"नकाशा जुना आहे हो. पुस्तक नवं आहे." त्यांनी पान एकशे बारा काढून बोट ठेवलं. पान आपोआप उघडलं, इतकं ते वापरलेलं. "हे बघा. बारमाही."

ताई, मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी पुस्तक छातीशी धरून म्हटलं, "फार चांगलं लिहितो हा माणूस." आणि मी चहा प्यायलो. चहा पिऊन झोपलो. सकाळी परत चहा प्यायलो. तुझ्या उत्तराची वाट बघतोय, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे तुझ्या चिठ्ठीत 'आहे पाणी, घाबरू नकोस' असं येईल आणि मला कुणापुढे काही कबूल करावं लागणार नाही, याची वाट बघत होतो.

अकराला चिठ्ठी आली. मी ती बाईंपुढे ठेवली आणि सांगितलं की ते पुस्तक माझं आहे.

"म्हणजे लिहिणारे तुम्ही?"

"हो."

"मग ते झऱ्याचं पाणी..."

"मी कधी तिथे गेलोच नाही. झरा नाही. मी तो बनवला."

त्यांनी मला शिवी द्यावी असं फार वाटलं. दिली नाही. विचारलं, "कशासाठी?" मी कार्बनशेठची सगळी हकीकत सांगायला लागलो. मी ती तीनशे वेळा सांगितली असेल. तिच्यावर दर वेळी लोक हसतात. अर्ध्यावर आलो तेव्हा त्या उठून वायरलेसकडे गेल्या होत्या.

पाचवा टप्पा संपतो तिथल्या निवाऱ्यावर वही असते, येणारा-जाणारा नाव आणि वेळ लिहितो. तिथल्या माणसाने वाचून दाखवलं. खरखर होती, पण मला नीट ऐकू आलं. "एक मुलगी, एकटी. काल बुधवारी सकाळी साडेसहाला पुढे गेली."

काल. ती एक दिवस पुढे आहे. भिंगरी चालते म्हणजे पळते, तुझ्यावर गेलीय. दोन टप्पे तिने एका दिवसात केले असणार. म्हणजे सातवा टप्पा उद्या नाही, ताई. आज आहे. आत्ता. मी दुसरा चहा पीत होतो तेव्हा ती त्या उघड्या कण्यावर होती. एक लिटर पाणी, आणि शाईचा झरा.

बाई म्हणाल्या, आता निघालो तर अंधाराच्या आत खिंडीत पोचू, तिथे ओढा आहे. पुढे कणा अरुंद आहे, दिसत नसताना नेणार नाही. उजाडताच निघू. वाटेत भेटली तर बरंच. मी विचारलं, आणि नाही भेटली तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बूट घट्ट बांधा."

एक राहिलं. चौथ्या आवृत्तीनंतर मला वाचकांची अकरा पत्रं आली, त्या झऱ्याची स्तुती करणारी. पाणी गोड आहे. जीव वाचला. कुणीतरी लिहिलं होतं, पाण्याला किंचित प्लास्टिकचा वास येतो, पण त्या उन्हात अमृत. मी ती पत्रं मित्रांच्या बैठकीत वाचून दाखवायचो. न पाहिलेलं पाहिलं म्हणणाऱ्या माणसांवर मी एक लेखही लिहिला, तो गाजला. आम्ही त्या प्लास्टिकच्या वासावर इतके हसलो होतो.

ते सगळे खरं बोलत होते. तुझं पाणी पिऊन आले होते.

बाई हाक मारताहेत. हे पत्र चौकीत ठेवतो, संध्याकाळच्या गाडीला जाईल. तुला काही करता येण्यासारखं असेल तर


७ एप्रिल, रविवार, दवाखान्यात

ताई,

आधी हे, म्हणजे तुला पुढचं शांतपणे वाचता येईल: ती जिवंत आहे, शुद्धीवर आहे, आणि सलाइन लावणाऱ्या नर्सशी भांडतेय. तारेने कळवलं असतं तर बरं झालं असतं, पण तारा बंद झाल्या आणि तुझा नंबर सिमेंटवाल्याकडे. काल वायरलेसवरून तुझ्या बाजूच्या चौकीला निरोप दिला होता. पोचला असेल असं धरून चालतो.

आता कसं झालं ते.

खिंडीत ती नव्हती. ओढ्याकाठी चिखलात तिच्या बुटाचा ठसा होता, नक्षी मला ओळखू आली, बूट मीच घेऊन दिले होते. चवडा पुढच्या वाटेकडे. म्हणजे गेली होती. परत आल्याचा एकही ठसा नव्हता. बाईंनी कंदील खाली धरून दोनदा बघितलं. खिंडीतल्या त्या मुक्कामाबद्दल मी लिहीत नाही.

उजाडताच निघालो. कणा म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. बावन्न वाटांचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. दोन्ही बाजूंना उतार, मधे दोन हात रुंदीची वाट, झाड नाही, सावली नाही. आठ वाजता दगड हाताला चटके द्यायला लागले. मी तिथे 'वाऱ्याच्या सोबतीने चालावे' असं काहीतरी लिहिलंय. वारा तोंडावर भट्टीसारखा येत होता. बाई दर अर्ध्या तासाला थांबवून मला पाणी पाजायच्या. मी म्हणायचो, मला नको, तिच्यासाठी ठेवा. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही पडलात तर मला दोघांना न्यावं लागेल. प्या मुकाट." प्यायलो.

मी खाली बघत चाललो होतो, ताई. वाटेकडे नाही, उताराकडे. दर वळणाला. लाल पिशवी होती तिची, लाल काही दिसतंय का बघत होतो, आणि दिसू नये म्हणून बघत होतो. एकदा दिसलं. मी खाली बसलो. बाई उतारावर दहा पावलं गेल्या आणि ओरडल्या, "गवत आहे, वाळलेलं." मग परत येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. बराच वेळ. आधीच घट्ट असलेली दोराची गाठ त्यांनी तीनदा सोडून परत बांधली. तोवर मला वाटत होतं की भीती मला एकट्यालाच वाटतेय.

पावणेअकराला काळा खडक. आधी बाटली दिसली. माझी. स्टीलची. वाटेत आडवी पडलेली, उन्हात चमकणारी, झाकण उघडं. मी भिंगरीला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. खडकामागून कुणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, "बाबा, तुझ्या झऱ्याला तोटी आहे."

खडकाच्या सावलीत, ड्रमला पाठ लावून बसली होती. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले. ड्रममध्ये तळाला चार बोटं पाणी होतं. गेल्या वर्षीचं, तपकिरी, त्यात किडे. ती ते रुमालाने गाळून प्यायली, आणि मग रात्रभर उलट्या. उठायला गेली की पाय वळायचे. पुढे जावं की मागे, हेही तिला ठरवता आलं नाही, म्हणून बसून राहिली. डॉक्टर म्हणतात, बसून राहिली तेच बरं केलं, आणि ते घाण पाणी नसतं तर बसूनही उपयोग नव्हता. म्हणजे हिशोब सरळ आहे. मी तिला तिथे नेलं आणि तू तिला तिथे धरून ठेवलंस.

मी तिला सांगितलं, तिथल्या तिथे. झरा नव्हता, मी गंमत म्हणून लिहिला होता. तिने मान वळवून खडकाकडे बघितलं. मग म्हणाली, "मला वाटलं, मीच चुकीच्या खडकाला आले." बस. ओरडली असती तर बरं झालं असतं. अख्खी रात्र तिला वाटत होतं की चूक तिची आहे, कारण पुस्तक बाबाचं आहे.

ड्रमच्या झाकणावर तुझं अक्षर आहे, नकाशावर असतं तसं, सरळ, ठळक. "प्या. मागून येणाऱ्यासाठी ठेवा. झाकण लावा. जमेल तेव्हा परत आणा." भिंगरी ते वाचून म्हणाली, "मी दीड लिटर तरी प्यायले असेन. मला परत आणायला जमेल असं वाटत नाही." आणि रडली. दीड लिटरसाठी रडली, ताई. बाकी कशासाठी नाही.

मंगळवारी तिला सोडतील. तिला तुझ्याकडेच यायचंय, तिने ठरवलंय, आईलाही सांगून टाकलंय. मी फाट्यापर्यंत येऊन बसमध्ये बसवून देईन. हे पत्र तिच्याच हाती देतोय, म्हणजे सुरुवातीची बातमी तुला वाचायच्या आधीच दिसेल. मी पुढे येणार नाही. तू बोलावलेलं नाहीस, आणि आत्ता तुझ्यासमोर उभं राहिलो तर मी काहीतरी गमतीदार बोलेन. मला माझा भरवसा नाही.

एक विचारायचंय. पाच वर्षं तू ते केलंस आणि मला सांगितलं का नाहीस?

तुझा


१२ मे, रविवार, काळा खडक

ताई,

तुझं उत्तर महिनाभर खिशात आहे. "सांगितलं असतं तर तू त्यावर लेख लिहिला असतास." हो. लिहिला असता. चांगला झाला असता, तेच वाईट.

भिंगरी म्हणते, आत्या काठी घेऊन चालते पण काठीचा राग राग करते. तू तिला मोजचाक ढकलायला शिकवलंस म्हणे, अंगणात. तिने मला फोनवर सांगितलं, "बाबा, तीनशे बारा पावलांना तुझी एक ओळ होते." याचा अर्थ काय ते मला कळलं नाही, पण तुम्ही दोघी हसलात ते ऐकू आलं.

छापखान्याला पान एकशे बारा बदलून दिलंय. जुळणी मोडली, त्यांनी कुरकुर केली. नव्या पानावर चारच वाक्यं आहेत: "सातव्या टप्प्यावर पाणी नाही. खिंडीतून किमान चार लिटर घेऊन निघा. काळ्या खडकामागे एक ड्रम आहे, तो भरलेला असेलच असं नाही. असेल, तर ते पाणी कुणीतरी वाहून आणलेलं असतं." शेवटचं वाक्य लांबवावं असं फार वाटलं. लांबवलं नाही. जुन्या प्रती ज्यांच्याकडे असतील त्यांच्यासाठी दोन्ही चौक्यांवर आणि सगळ्या निवाऱ्यांत पाटी लावलीय. पण सगळ्या प्रती परत येणार नाहीत. कुठल्यातरी कपाटात तो झरा आहेच, आणि कुणीतरी ती प्रत पिशवीत टाकेल. हे मला रोज सकाळी आठवतं, दात घासताना. यापुढेही आठवणार. त्यावर उपाय एकच आहे, आणि तो तू पाच वर्षांपूर्वीच शोधून ठेवला होतास.

म्हणून आज इथे आहे. कालच बाईंबरोबर खिंडीत आलो, दर वर्षी तुझं पाणी इथवर आणणारा तुझा खेचरवालाही आहे. त्याने मला ओळख विचारली. मी म्हटलं, मोजणीवाल्या बाईंचा भाऊ. तो म्हणाला, "त्यांना भाऊ आहे?" मी म्हटलं, होता, मध्ये थोडे दिवस नव्हता. आज सकाळी खेचरांनी दीडशे लिटर आणलं. ड्रम आम्ही आधी घासला. तळाचा गाळ काढताना मला जी भीती वाटली ती मी कुणाला सांगितली नाही, तुला सांगतोय. चार बोटं. त्याच्या जागी तीन असती तर. मी हात घालून परत परत मोजत होतो, आणि बाई म्हणाल्या, "पुरे आता. धुवा."

खेचरवाला आणि बाई पुढे सावली शोधायला गेलेत. इथे दुसरी सावली नाही, पण त्यांनी मला एकटं सोडलं.

भिंगरीचं दीड लिटर मी खेचरावर टाकलं नव्हतं. ते माझ्या पाठीवर होतं. लिटरभर स्टीलच्या बाटलीत, आणि बाकीचं त्या गळक्या बाटलीत, झाकणावर अंगठा दाबून, खिंडीपासून पाच तास. अंगठा अजून सरळ होत नाही. तरी वाटेत थोडं गळलंच, म्हणून माझ्या पिण्यातलं तेवढं त्यात घातलं.

दोन्ही बाटल्या ड्रममध्ये उपड्या केल्या. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवल्या. मग झाकण लावलं.